अतिसार आणि मुलाचे बाळसे

पावसाळा सुरू झाला की घरोघर एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. दहा-बारा महिन्यांचे, नुकतेच रांगू लागलेले मूल सकाळपासून चार-पाच वेळा पातळ शौचास जाते. आजी त्याच्या कपाळाला हात लावून पाहते, गुरगुट्या भाताची वाटी बाजूला सारते आणि म्हणते, 'आज त्याच्या पोटाला विश्रांती द्या.' त्या दिवशी मुलाला साबुदाण्याचे पाणी मिळते किंवा तवकिरीची पातळ पेज. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी जुलाब थांबतात, सर्वांस हायसे वाटते आणि उपासाचा गुण आला असे ठरते. वस्तुतः जुलाब त्याच सुमारास थांबावयाचे होते. मुलाने मधल्या दिवसांत भात खाल्ला असता तरीही. त्या तीन दिवसांत मुलाच्या अंगावरून काय गेले, हे मात्र कोणी तराजूवर पाहिलेले नसते. हा जुलाबाचा आजार वर्षातून तीन-चार वेळा आला आणि प्रत्येक वेळी पथ्य असेच पाळले गेले, की शेजारीण एके दिवशी सहज बोलून जाते, 'मुलाने बाळसे टाकले हो!' मग नजर लागल्याची चर्चा होते, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या जातात. परंतु त्या तवकिरीच्या पेजेवर कोणाचाच संशय जात नाही.

लंघन हे आपल्याकडील फार जुने औषध आहे आणि धडधाकट प्रौढ माणसाच्या बाबतीत ते सहसा अपाय करीत नाही. अजीर्ण झालेल्या गृहस्थाने एक दिवस जेवण टाळले तर त्याच्या शरीरातील साठा त्याला सहज पुरतो. मुलाचे गणित निराळे आहे. प्रौढाला दिवसास वजनाच्या दर किलोमागे पस्तीस-चाळीस उष्मांक लागतात. वर्षाच्या मुलाला सुमारे ऐंशी. त्याला केवळ जगावयाचे नसते, वाढावयाचेही असते, आणि साठा म्हणावा तर अगदी तुटपुंजा. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात निरोगी मुलाचे वजन महिन्याला पाव किलोच्या आसपास वाढते. अशा मुलाच्या तोंडचा घास तीन दिवस काढून घेतला, तर त्या महिन्याची वाढ तर बुडतेच, शिवाय मागील महिन्याच्या मिळकतीतूनही काही खर्ची पडते.

'पोटाला विश्रांती' ही कल्पना सकृद्दर्शनी पटते, म्हणून आतड्यात काय घडते ते थोडे पाहिले पाहिजे. लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यावर सूक्ष्म लव असते आणि तिच्यावरील पेशी अन्नरस शोषून घेतात. या पेशी अल्पायुषी. तीन ते पाच दिवसांत जुन्या गळतात आणि खालून नव्या वर येतात. जुलाबाचे जंतू किंवा विषाणू या लवेवर घाला घालतात, ती काही ठिकाणी झडते, आणि पाणी व क्षार आत ओढले जाण्याऐवजी बाहेर वाहू लागतात. ही लव पुन्हा उगवते ती नव्या पेशींनी, आणि या पेशींचे पोषण रक्तातून जसे होते तसे आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनही प्रत्यक्ष होते. अन्न बंद झाले की आतड्याची लव खुरटते आणि पाचक रस कमी होतात. ज्या अवयवाला विश्रांती द्यावयाची म्हणून उपास घडविला, त्याचीच दुरुस्ती लांबते. शिवाय झडलेली लव सर्व आतडेभर नसते. ऐन आजारातही खाल्लेल्या अन्नापैकी निम्म्याहून बराच अधिक भाग शरीर शोषून घेते. मुलाने खाल्ले की लगेच शौचास होते, म्हणून 'खाल्लेले सारे तसेच बाहेर पडते' असे जे म्हटले जाते ते नजरेचा धोका होय.

जुलाबाच्या मुलाचे नुकसान अशा रीतीने अनेक वाटांनी होते. काही पोषणद्रव्ये शौचावाटे जातात, काही तापात जळतात, काही शोषलीच जात नाहीत. मुलाची भूकही मंदावते. ग्वाटेमालातील खेड्यांत मुलांचा आहार मोजून पाहिला तेव्हा आजारपणात तो सुमारे पंचमांशाने घटलेला आढळला. या सर्वांवर वडील मंडळींनी हात राखून वाढलेली पेज ही शेवटची भर. पहिल्या वाटा बंद करणे घरातील कोणाच्या हाती फारसे नाही. ही शेवटची मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती आहे.

ग्वाटेमालाचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील एका गावाची हकीकत सांगण्याजोगी आहे. सांता मारिया काउके हे डोंगराळ भागातील माया लोकांचे लहानसे गाव. डॉ. लिओनार्डो माता यांनी १९६४ ते १९७२ या काळात तेथील मुलांचा जन्मापासून पिच्छा पुरविला. त्यांची वजने घेतली, शौच तपासले, आजार नोंदविले. १९७८ मध्ये हे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील एकेका मुलाचा वजनाचा आलेख पाहण्यासारखा आहे. पहिले काही महिने, मूल आईच्या दुधावर असेतो, रेषा चांगली चढत जाते. मग वरचे अन्न सुरू होते आणि त्याबरोबर जुलाब. प्रत्येक आजाराजवळ रेषा आडवी होते किंवा खाली वाकते. ती वर वळू लागते न लागते तोच दुसरा आजार येतो. दोन वर्षांच्या अखेरीस मूल जिवंत आहे, हिंडतेफिरते आहे, परंतु त्याची उंची व वजन एखाद्या वर्षाने मागे पडलेली आहेत. कोणत्याही एका आजाराने त्याला मारले नाही. पायरीपायरीने त्याला खाली आणले. आपल्या खेड्यांतून आणि शहरांच्या झोपडवस्त्यांतून हाच आलेख काढता येईल, आणि सुखवस्तू घरांतही त्याची सौम्य आवृत्ती आढळते.

अशक्त मुलाचे जुलाब अधिक दिवस चालतात आणि चाललेले जुलाब त्याला अधिक अशक्त करतात. हे दुष्टचक्र नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर व जॉन गॉर्डन यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात प्रथम साधार मांडले. यांपैकी टेलर यांचे पुष्कळसे काम पंजाबातील नारंगवाल येथे झालेले. त्यानंतर मोजमापे वाढत गेली. पाच देशांतील नऊ अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात दोन वर्षांच्या वयाला उंचीने खुरटलेल्या मुलांच्या खुरटेपणापैकी सुमारे चौथा हिस्सा पाच किंवा अधिक वेळा झालेल्या जुलाबांच्या पदरी टाकला गेला. २०१३ मध्ये आफ्रिका व आशिया खंडांतील सात ठिकाणचा, कलकत्त्यासह, मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जोराचा अतिसार झालेल्या मुलांवर पुढे सुमारे दोन महिने नजर ठेवली होती. तशाच पण जुलाब न झालेल्या मुलांच्या मानाने त्यांच्या मृत्यूचा संभव साडेआठ पट निघाला. जुलाब थांबले म्हणजे धोका टळला, ही समजूत त्यावरून पुसून टाकावयास हवी.

अन्न तोडण्याचा दोष केवळ आजीबाईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील नामांकित बालरोगतज्ज्ञही जुलाबाच्या मुलाला एक-दोन दिवस तोंडाने काहीही न देण्याचा आणि मग चमच्याचमच्याने दूध वाढविण्याचा उपदेश करीत, आणि आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांतून तोच शिकविला जाई. १९४८ मध्ये अमेरिकेतील एका बालरोगविषयक मासिकात चुंग व व्हिस्कोरोव्हा यांनी काही मुलांना प्रथमपासून आहार देऊन व काहींना उपाशी ठेवून केलेली तुलना छापली. आहार घेतलेल्या मुलांचा आजार लांबला नाही. वजनाच्या बाबतीत मात्र ती सरस ठरली. हा निकाल इतका स्पष्ट असूनही तीस-पस्तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत उपासच नांदत राहिला. १९८८ मध्ये पेरू देशाच्या लिमा शहरातून पुन्हा तशाच अर्थाचा पुरावा पुढे आला, तेव्हा कोठे मत पालटू लागले. वैद्यकातही रूढीचे वजन किती असते, याचा हा नमुना.

मधल्या काळात दुसरा एक शोध गाजला, आणि तो योग्यच गाजला. आतड्यात साखर व मीठ ही एकमेकांचा हात धरून आत शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये दाखविले. पटकीसारख्या भयंकर जुलाबातही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत बनगाव येथे पटकी उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ते नातलगांकरवी रुग्णांना पाजविले. इतरत्र शेकडा वीस-तीस रुग्ण दगावत होते. तेथे हे प्रमाण शेकडा चाराच्या खाली आले. पुढे बांगला देशात १९८० ते १९९० या दशकात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी घरोघर जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे प्रमाण लक्षावधी मातांना हाताने करून दाखविले. आज मिळणाऱ्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट व दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. 'ओ. आर. एस.' ही अक्षरे नावात घालून गोड पेये विकण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, हे ठीकच झाले. तसल्या पेयांतील भरमसाट साखर जुलाब उलट वाढविते.

पण या पाण्याचा महिमा एवढा झाला की त्याची मर्यादा झाकली गेली. ते जीव वाचविते. अंग भरीत नाही. साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज म्हणजे अवघे पन्नासेक उष्मांक, आणि तेही एका लिटरमध्ये. ज्या घरात पुडी मोठ्या निष्ठेने पाजली जाते व वाटीतला भात तितक्याच निष्ठेने झाकून ठेवला जातो, तेथे मूल सुकून मरत नाही, पण बाळसे टाकते.

तर मग द्यावे काय? सहा महिन्यांखालील मुलाचे उत्तर सोपे आहे: अंगावरचे दूध, अधिक वेळा. दूध बाधते म्हणून ते बंद करणे ही चूक सर्वांत महाग पडते. इतर अन्नावरची वासना आजारात उडाली तरी आईचे दूध मूल जवळजवळ पूर्वीइतकेच घेते, असे बांगला देश व पेरू या दोन्ही ठिकाणी आढळले आहे. वरचे दूध चालू असेल तर तेही पाणी न मिसळता, वाटीचमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. बाटली व तिचे बूच धुऊन खरोखर स्वच्छ करणे कठीण असते, आणि पुष्कळ घरांत जुलाबाचा उगम तेथेच असतो.

सहा महिन्यांवरील मुलाच्या बाबतीत प्रश्न पेजेचा आहे. पेज हलकी म्हणून पथ्याची, असा समज. पण हलकी याचा अर्थ येथे रिकामी असा होतो. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम पीठ शिजविले तर त्यात सतरा-अठरा उष्मांक येतात. आईच्या तेवढ्याच दुधात पासष्ट ते सत्तर असतात. वर्षाच्या नऊ-दहा किलोच्या मुलाला दिवसास साडेसातशे-आठशे उष्मांक हवेत. ते अशा पेजेतून मिळवावयाचे तर त्याने चार लिटरांहून अधिक पेज प्यावयास हवी. त्याच्या जठरात एका वेळी मावते पावशेराहून थोडे अधिक. वरणावरचे निवळ पाणी, साबुदाण्याचे पाणी, तवकीर, आरारूट ही सारी याच कुळातली. त्यांत प्रथिने तर नावालाच.

उपाय परका नाही. मऊ शिजवून चमच्याने मोडलेली मुगाच्या डाळीची खिचडी, वरणाच्या वरचे पाणी नव्हे तर तळचे दाट वरण व भात, दहीभात, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, चालत असेल त्या घरी अंडे, किनाऱ्यावर काटे काढलेला मासा. वाटीभर खिचडीत चहाचा एक चमचा साजूक तूप घातले की पंचेचाळीस उष्मांक वाढतात आणि घासाचा आकार तोच राहतो. जुलाबात तूप-तेल वर्ज्य, हा नियम मुलाला लावू नये. घास लहान असावेत आणि दर तीन-चार तासांनी, दिवसातून सहा वेळा तरी असावेत. मुलाने तोंड फिरविले तर थोड्या वेळाने पुन्हा, गोडीगुलाबीने. नाक दाबून नव्हे.

दाट अन्न गिळता येत नाही आणि पातळ अन्नात जीव नाही, या पेचातून नाचणी चांगली वाट काढते. नाचणी भिजवून मोड आणावेत, सावलीत वाळवावी, मंद आचेवर किंचित परतून दळावी. मोड येताना धान्यात पिष्टाचे विघटन करणारे अमायलेज नावाचे द्रव्य उत्पन्न होते. दाट शिजविलेली खीर थोडी निवू लागली की हे पीठ चमचाभर तिच्यात ढवळावे. पाहता पाहता ती सैल होते. मग पुन्हा एक कढ आणावा. पाणी न घालता पातळ झालेली ही खीर मूल सहज गिळते आणि तीत उष्मांक दाट खिरीचेच असतात. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या पिठाचा पद्धतशीर अभ्यास केला; पण नाचणीचे सत्त्व करणाऱ्या गृहिणींना मोडांचा गुण आधीपासून ठाऊक होता असे म्हटले तर वावगे होणार नाही.

जुलाब थांबविण्याची घाई दुसऱ्या बाजूनेही नडते. जायफळ उगाळून चाटविले की मूल शांत होते. ती गुंगी असते, आणि गुंगीतले मूल पाणी मागत नाही व अन्नही मागत नाही. एके काळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळगोळी देत. तिच्यात अफू असे आणि तिने जुलाबही बांधले जात. आज तिची जागा औषधाच्या दुकानातून तोंडी मागून आणलेल्या गोळ्यांनी घेतली आहे. आतडे जखडून टाकणारी औषधे लहान मुलांना देऊच नयेत, आणि जंतुनाशकांची गरज बहुतेक साध्या जुलाबांत नसते. औषध म्हणून उपयोगी ठरते ते जस्त. दिल्लीतील मुलांवर डॉ. सुनील सझावल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर इतरत्रही तसाच अनुभव येऊन २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम, रोज एकदा, दहा ते चौदा दिवस; जुलाब थांबले तरी मात्रा पुरी करावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरच्या जुलाब झालेल्या मुलांपैकी शेकडा ६०.६ मुलांना क्षारसंजीवनीचे पाणी मिळाले होते, जस्त मात्र शेकडा ३०.५ मुलांनाच.

त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५.२ उंचीने खुरटलेली आणि शेकडा २५.६ उंचीच्या मानाने कृश निघाली. हा आकडा केवळ मेळघाटाचा किंवा नंदुरबारचा नव्हे. त्यात शहरेही आहेत. कृशता ओळखण्यास यंत्र लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा मध्यावरचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून दाबल्यास खळगा राहिला, तर ते तीव्र कुपोषण होय. अंगणवाडीतील सेविकेजवळ याची फीत असते. अशा मुलाला जुलाब झाले तर घरगुती उपचारांवर विसंबू नये. त्याची कातडी आधीच सैल असल्याने चिमटीत धरलेली वळी एरवीही सावकाश जिरते, मग पाणी किती गेले याचा अंदाज चुकतो. त्याला पाणी व क्षार यांचे प्रमाणही वेगळे लागते, आणि ते काम रुग्णालयाचे. इतर मुलांच्या बाबतीतही शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे किंवा टाळू खोल गेली, लघवी बंद झाली, किंवा जुलाब चौदा दिवसांवर लांबले, तर वैद्याकडे नेण्यास विलंब लावू नये.

'दात येत आहेत, जुलाब व्हावयाचेच' असे म्हणून स्वस्थ बसणारी घरेही पुष्कळ. दात येण्याचे आणि रांगण्याचे वय एकच, आणि रांगणारे मूल जमिनीवरचे सर्व काही तोंडात घालते. दोष दातांचा नसतो, हातांचा असतो. साबणाने हात धुणे, उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न यांविषयी सुशिक्षित घरांना नव्याने काही सांगावयास नको. २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आलेली रोटाव्हायरसची लसही तोंडात थेंब टाकून देता येते. परंतु स्वच्छतेने सारे साधेल असे मानणाऱ्यांना अलीकडच्या दोन प्रयोगांनी थांबून विचार करावयास लावले आहे. बांगला देशात शौचकूप व हात धुण्याची सोय करून दिल्यावर जुलाब लक्षणीय घटले, मुलांची उंची मात्र त्याने वाढली नाही. ती थोडी वाढली ती पूरक आहार दिलेल्या मुलांची. हे निष्कर्ष २०१८ चे. पुढील वर्षी झिंबाब्वेतूनही उंचीच्या बाबतीत तसाच अनुभव कळविण्यात आला. जुलाब न होताही जंतूंच्या सततच्या माऱ्याने आतड्याची लव झिजत राहते, असे एक कारण त्यासाठी दिले जाते.

राहता राहिला आजार बरा झाल्यानंतरचा काळ, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. जुलाब थांबल्यावर तीन-चार दिवसांत मुलाची भूक परतते आणि पुष्कळदा पूर्वीहून अधिक असते. हेच दिवस झीज भरून काढण्याचे. निदान दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जादा द्यावे. चार वेळा जेवत असेल तर पाच वेळा. 'एकदम जड नको' म्हणून याच वेळी हात आखडला, तर पुढचा आजार जुनी तूट पुरी होण्याआधीच गाठतो. आजारापूर्वी मुलाचे वजन किती होते ते बहुधा लसीकरणाच्या पुस्तिकेत टिपलेले असते. जुलाब थांबल्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर मूल पुन्हा ठेवावे, आणि काटा त्या आकड्याच्या पुढे जाईपर्यंत ते पाचवे जेवण चालू ठेवावे.